प्रकृतीच्या कारणास्तव

निरोपसमारंभात मिळालेली शाल अजून पिशवीतून बाहेर निघाली नव्हती, नारळ फोडायचा की देवापुढं ठेवायचा यावर सरोजबाईंचा निर्णय झाला नव्हता, आणि डॉक्टर चांगदेव वाघुळदे डोंबिवलीला मानपाडा रोडवरच्या आपल्या गॅलरीत बसून आयुष्यातला पहिला बिनकामाचा चहा पीत होते, तेवढ्यात फोन वाजला. चहा बिनकामाचा असला की त्यात आलं घातलेलं कळतं, हा शोध त्यांना नुकताच लागला होता आणि त्यावर ते थोडे खूशही होते. काल संध्याकाळपर्यंत ते कोलशेतच्या एका खाजगी मेडिकल कॉलेजचे अधिष्ठाता होते. अधिष्ठाता हा शब्द फक्त त्यांच्या दारावरच्या पाटीवर होता. बाकी सगळे डीनसर म्हणत, आणि कॉलेजचे मालक दौलतशेठ नुसतंच 'डॉक्टर' म्हणत, लोक कंपाउंडरला हाक मारतात त्या सुरात. फोनवर रघु होता. रघु म्हणजे दौलतशेठचा पुतण्या आणि कॉलेजचा कारभारी. त्याच्यावाचून कॉलेजात काही होत नसे, आणि त्याच्यामुळे जे होई ते न झालेलं बरं असं वाघुळद्यांचं मत होतं. ते त्यांनी अकरा वर्षं स्वतःजवळच ठेवलं होतं.

रघूनं सांगितलं ते असं. कॉलेजची मान्यता तपासणारी कमिटी आज सकाळी न कळवता येऊन थडकली होती. डीन कोण, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर तळवडेकर पुढं झाले, ते कालपासून डीन. मग आधीचे कुठं गेले? तर राजीनामा दिला. कशासाठी? राजीनाम्यात लिहिलं होतं, प्रकृतीच्या कारणास्तव. कमिटीच्या प्रमुख एक बाई होत्या आणि त्या सहृदय निघाल्या. त्यांनी विचारलं, अरेरे, काय झालंय त्यांना? आता रघु शाळेपासून कुठलाही प्रश्न कोरा सोडत नसे, आणि म्हणूनच तो दहावीला तीनदा बसला होता. तो म्हणाला, पित्ताशय. बाई म्हणाल्या, उपचार कुठं चालू आहेत?

"आता तुम्हीच सांगा सर, मी काय बोलणार? आपला डीन दुसरीकडे अ‍ॅडमिट आहे बोललो असतो तर आपल्या हॉस्पिटलची काय इज्जत राहिली असती?"

वाघुळद्यांना यात खोट काढता येईना. अकरा वर्षांत रघूनं केलेलं हे पहिलंच बिनतोड विधान होतं.

"म्हणजे मी तिथं अ‍ॅडमिट आहे?"

"हो सर. मेल वॉर्डला. खिडकीजवळची खाट दिलेय तुम्हाला."

"कधीपासून?"

"परवापासून."

"अरे, काल संध्याकाळी माझा सत्कार झाला ना?"

"वॉर्डातनं उठून आलेले तुम्ही सत्काराला," तो म्हणाला. "शेठ बोलले, उलट बरं दिसतं ते."

मग त्यानं शंभर पोरांच्या वर्षाचा विषय काढला. हा विषय तो नेहमी शेवटी काढी, ताटात शेवटी ताक यावं तसा. मान्यता गेली तर शंभर पोरं रस्त्यावर. त्यांचे आईबाप रस्त्यावर. बाई कागदपत्रं बघून मग वॉर्डात येणार, फक्त दोन तास आडवं पडायचं, सर. वाघुळदे हो म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त नाही म्हटलं नाही, आणि रघूच्या हिशेबात या दोहोंत कधी फरक नव्हता. गाडी येईल म्हणाला तो, आणि खाली आली ती अ‍ॅम्ब्युलन्स. सोसायटीच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या. तळमजल्यावरचा किराणावाला पंचा खांद्यावर टाकून दारात आला, कारण उचलायला माणसं लागतील असा त्याचा अंदाज होता. वाघुळदे स्वतःच्या पायांनी जिना उतरले, त्यानं त्याची जरा निराशा झाली. सरोजबाई गॅलरीत उभ्या होत्या. दोन तासांचं काम आहे, असं त्यांना त्यांनी सांगितलं होतं. त्या नुसत्या बघत राहिल्या, दूध उतू जाणारच आहे हे ठाऊक असलेल्या बाईनं पातेल्याकडं बघावं तशा.

शीळफाटा, मुंब्रा, कळवा करत ते ड्रायव्हरशेजारी बसून ठाण्यापर्यंत आले. एकदा बाजूच्या ट्रकवाल्यानं अ‍ॅम्ब्युलन्समध्ये माणूस पुढं बसून संत्रं खातोय हे पाहून खाली थुंकून दिलं. कोलशेतच्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि अदबीनं म्हणाला, "सर, आता मागं." मग ते मागं गेले आणि स्ट्रेचरवर आडवे झाले. या अ‍ॅम्ब्युलन्सचं उद्घाटन त्यांनीच नारळ वाढवून केलं होतं, तेव्हा ती त्यांना प्रशस्त वाटली होती. आडवं पडल्यावर छत फार जवळ येतं हे कळायला आडवंच पडावं लागतं. छताच्या पत्र्यावर कुणीतरी नखानं एक बोट कोरलं होतं, शीड असलेली. कोण पडलं असेल इथं, इतका वेळ, की बोट कोरून व्हावी? का तो कुणी पेशंट नव्हताच, का तोही असाच कुठल्या तरी तपासणीसाठी निघालेला होता? सायरन सुरू झाला. आपल्यासाठी लोक वाजवतात ती ही शेवटची वाजंत्री, असं त्यांच्या मनात आलं, आणि बँडवाल्यानं काल 'सारे जहाँ से' वाजवलं होतं ते आठवून त्यांना हसूही आलं. पण आडवं पडून हसलं की बरगडीखाली ओढल्यासारखं होतं. त्यांनी हसणं थांबवलं.

वॉर्डात त्यांचे कपडे काढून घेतले आणि निळ्या पट्ट्यांचा सदरा-पायजमा दिला. कपडे काढून घ्यायचा नियम त्यांचाच. त्याला कारण होतं खाडीचं पाणी. कॉलेजची पहिली तपासणी पंच्याऐंशी साली झाली तेव्हा इमारत तयार होती, खाटा आल्या होत्या, गाद्यांवरचं प्लॅस्टिक निघालं होतं, फक्त पेशंट नव्हते. आजारी माणूस ओळखीच्या डॉक्टरकडं जातो. अनोळखी हॉस्पिटलात पहिला म्हणून मरायला कोण येणार? दौलतशेठचा खाडीतल्या रेतीचा धंदा होता. त्यांनी रातोरात कोळीवाडा उचलून आणला आणि खाटांवर निजवला. म्हातारे, तरणे, बाळंतिणी, सगळे. दोन वेळचं मटण आणि निजून राहायचं, असं काम कोळीवाड्याला पिढ्यान्‌पिढ्यांत मिळालं नव्हतं. पण दुपारी भरती आली आणि निम्मा वॉर्ड खिडकीतून पसार. पाणी आलं की कोळी निजत नाही, मग त्याला हर्निया असो की न्यूमोनिया. कमिटीचे डॉक्टर हातात स्टेथोस्कोप घेऊन रिकाम्या खाटांमधून फिरले. जे उरले त्यांतल्या एकाला त्यांनी विचारलं, बाबा, तुला काय होतंय? तो म्हणाला, मना काय नाय होत, शेठनी बोलावला म्हनून आयलो. त्या संध्याकाळी वाघुळद्यांनी दोन गोष्टी ठरवल्या. एक, पेशंटचे कपडे कोठीत जमा करायचे आणि डिस्चार्जच्या कागदावर डीनची सही असल्याशिवाय किंवा नातेवाईक मागायला आल्याशिवाय परत द्यायचे नाहीत. दोन, पेशंटना शिकवायचं. एकदाच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पहिल्या नियमाचा उपयोग एवढाच झाला की पुढं कोळी हॉस्पिटलच्या कपड्यांत पळून जाऊ लागले, आणि कोलशेतच्या कोळीवाड्यात जाळ्यांशेजारी निळ्या पट्ट्यांचे पायजमे वाळताना दिसू लागले. होड्या वल्हवणारे सगळे एका संघातले खेळाडू वाटत. दुसरा नियम मात्र फार चांगला लागू पडला.

कारण वाघुळदे शिक्षकच मुळात. सरकारी कॉलेजात वीस वर्षं त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकवलं होतं, म्हणजे जे बोलत नाहीत अशांच्या आधारावर. इथं त्यांना बोलणारे मिळाले, आणि तेही आपण शिकवू तेच बोलणारे. शिकवताना खोटं शिकवायचं त्यांना जमेना. त्यांनी कोळ्यांना खरी दुखणी शिकवली, पाठ्यपुस्तकातली, निर्दोष. धाकू नावाचा एक कोळी होता, पस्तिशीचा, पोहऱ्यासारखा गोल चेहरा; त्याला पित्ताशय दिलं. 'उजवीकडं, बरगडीखाली, जेवल्यावर वाढतं.' एवढं त्यानं पहिल्या दिवशीच उचललं. पण दाबल्याबरोबर तो ओरडे. वाघुळदे त्याच्या खाटेवर बसून सांगत, अरे, दुखण्याला वेळ द्यावा. डॉक्टरचा हात बरगडीखाली गेला की तो म्हणेल श्वास घे. घ्यायचा. अर्ध्यावर आला की श्वास अडकला पाहिजे. मग नुसतं 'हं' म्हणायचं. ओरडतो तो खोटा. खरा पेशंट ओरडत नाही, त्याला लाज वाटते. धाकूला ते जमलं त्या दिवशी वाघुळद्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांच्या सुवर्णपदकवाल्या विद्यार्थ्यांतही असा हात कुणाला नव्हता. तेव्हापासून दर तपासणीला धाकूचं पित्ताशय दाखवलं जाई आणि दर कमिटी त्याला ऑपरेशनचा सल्ला देऊन जाई.

तोच धाकू आत्ता शेजारच्या खाटेवर निळ्या पट्ट्यांत पडला होता. वाघुळद्यांना पाहून तो उठून बसला.

"सायेब, तुमी क्यां परलाव खाटेवर?"

"दोन तासांपुरता, धाकू."

"मना पन तसाच सांगलेला," धाकू म्हणाला. "धा वरसां जाली."

त्यानं मग आपल्या उशाखालचा तंबाखू पुढं केला आणि काय दिलंय म्हणून विचारलं. पित्ताशय, वाघुळदे म्हणाले. धाकूचा चेहरा पडला. एका वॉर्डात दोन पित्ताशयं शेजारीशेजारी बरी दिसत नाहीत, आणि साहेबांना दिलंय म्हटल्यावर आपलं काढून घेणार हे त्याला दिसलं. त्याला मूळव्याधीची भीती होती. तिथं कमिटीचे डॉक्टर फार खोलात जातात, असं त्याचं म्हणणं.

वाघुळदे पाठीवर पडले. वॉर्डाला वरून पंखे होते. उभ्या माणसाला पंखे दिसत नाहीत. एक पंखा वाकडा फिरत होता आणि प्रत्येक फेऱ्याला कुणीतरी जीभ टाळ्याला लावून 'च्च' म्हणावं तसा आवाज करत होता. या आवाजात त्यांनी अकरा वर्षं राउंड घेतले आणि तो ऐकला नाही. तसाच एक राउंड फेब्रुवारीतला. तेव्हा कुठलीही तपासणी नव्हती, साधा मंगळवार होता, आणि एव्हाना हॉस्पिटलात खरे पेशंटही येऊ लागले होते. ठाण्यातल्या मानपाड्याच्या कारखान्यांतले, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांवर काम करणारे. याच खाटेवर दामाजी नावाचा एक माणूस होता, रंगाच्या कारखान्यातला, नखं निळी. तो पोटाशी पाय घेऊन पडला होता. वाघुळदे त्याच्यापाशी थांबले, आजूबाजूला पाहिलं, खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "पाठ आहे ना?"

"काय, सायेब?"

"दुखणं."

दामाजीचे डोळे मोठे झाले. आपण काय बोललो हे कळायला वाघुळद्यांना पुढच्या दोन खाटा लागल्या, आणि तोवर मागं वळायची वेळ निघून गेली होती. मागून विद्यार्थी येत होते. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम लवकर आले. दामाजी ताठ पडला होता. ते जवळ जाताच त्यानं छताकडं बघत म्हटलं, "उजवीकडं, बरगडीखाली, जेवल्यावर वाढतं." त्याची बायको चंद्रभागा खाटेच्या पायाशी उभी होती, तिचे ओठही बरोबर हलत होते. वॉर्डातल्या जुन्या वॉर्डबॉय मामानं त्यांना सांगितलं होतं की डीनसरांना असं सांगितलं की नीट बघतात. वाघुळदे म्हणाले, अहो, ते राहू द्या, तुमचं काय दुखतंय ते सांगा. दामाजीनं परत तेच सांगितलं, या वेळी जास्त स्पष्ट. त्यांनी पोटावर हात ठेवला. श्वास घ्या. श्वास अर्ध्यावर अडकला. हं, दामाजी म्हणाला. कालचं दुखणं तिथंच कुठंतरी होतं, पोटाशी पाय घेऊन पडलेलं, पण त्याच्यावर आता हे दुसरं येऊन बसलं होतं आणि ते हलायला तयार नव्हतं. तिसऱ्या दिवशी खाट रिकामी होती. न विचारता गेले, सिस्टर म्हणाली. कुठं गेले, कुणाकडं गेले, बरं वाटलं की दुसऱ्या कुणापाशी जाऊन खरं बोलता आलं, काहीच कळलं नाही. वाघुळदे त्या दिवशी घरी आले आणि जेवताना सरोजबाईंनी डोकं दुखतंय म्हटलं तेव्हा त्यांनी वर पाहिलं आणि क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांना वाटलं, ही खरं सांगतेय की हिला कुणी शिकवलंय?

राजीनामा त्यातून निघाला. पहिला मसुदा त्यांनी लिहिला तो एका ओळीचा होता: मला आजारी माणूस ओळखता येईनासा झाला आहे. तो घेऊन ते दौलतशेठच्या बंगल्यावर गेले. अकरा वर्षांपूर्वी हेच शेठ त्यांच्याकडं आले होते तेव्हा येताना पापलेटांची टोपली घेऊन आले होते; वाघुळदे जळगावकडचे, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. सरोजबाईंनी ती टोपली गॅलरीत ठेवली आणि शेठ गेल्यावर तीन बादल्या पाणी ओतलं. पण शेठनं त्या दिवशी म्हटलं होतं, डॉक्टर, माझ्या गावच्या लोकांनी ठाण्याला जाता जाता रस्त्यात मरू नये, एवढंच आहे. ते त्यांनी मनापासून म्हटलं होतं, ही अडचण होती. नुसता लबाड माणूस असता तर वाघुळदे आलेच नसते. शेठनं ती एक ओळ दोनदा वाचली, चष्मा काढला, आणि म्हणाले, डॉक्टर, हे असं लिहिलंत तर लोक मला विचारतील, मग अकरा वर्षं पगार कशाचा दिला? प्रकृतीच्या कारणास्तव म्हणा. तेच आहे ते. आणि खरंच, तेव्हा वाघुळद्यांना ते तेच आहे असं वाटलं होतं. शाल पांघरताना काल सगळे 'प्रकृतीला जपा' म्हणत होते आणि ते मान डोलवत होते, कारण एकदा बाहेर पडलं की त्या शब्दांचा आपल्याशी संबंध उरणार नाही. बाहेर पडणं महत्त्वाचं. पण दार आतल्या बाजूला उघडणारं निघालं.

बाहेर बुटांचे आवाज आले. वॉर्ड एकदम आजारी झाला. कोपऱ्यातला दमा सुरू झाला, कुणीतरी कण्हलं, मामानं जमिनीवर फिनाइल शिंपडलं. तळवडेकर पुढं धावत आले. तळवडेकर सर्जन, वाघुळद्यांच्या हाताखाली आठ वर्षं काढलेले, हुशार, आणि घाईत असलं की गुरूचीच नक्कल करणारे. त्यांनी चादर सारखी केली, आजूबाजूला पाहिलं, खाली वाकले आणि हळूच विचारलं,

"सर, पाठ आहे ना?"

वाघुळद्यांचे डोळे मोठे झाले. पण तळवडेकर तोवर पुढच्या खाटेपाशी गेले होते.

कमिटीच्या प्रमुख डॉक्टर लक्ष्मी घारपुरे नागपूरकडच्या होत्या, साठीच्या, उंच, आणि त्यांचे हात कोरडे आणि मोठे होते. डॉक्टरचे हात बघायची वाघुळद्यांना सवय होती. हे हात खरे होते. बाई खाटेपाशी आल्या, त्यांनी एकदा रघूकडं पाहिलं, एकदा तळवडेकरांकडं, आणि म्हणाल्या, तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का? रघूला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं, त्यामुळे तो गेला. बाईंनी स्टूल ओढलं. तुमचे दोन विद्यार्थी माझ्या हाताखाली आहेत, त्या म्हणाल्या, शरीर कसं वाचायचं ते आमच्या सरांनी शिकवलं असं अजून सांगतात. मग त्या थोड्या पुढं झुकल्या.

"सर, आता इथं कुणी नाही. खरं काय होतंय?"

धाकूनं डोळे मिटून घेतले होते, पण त्याचा एक कान या बाजूला होता. पंखा च्च म्हणाला. वाघुळद्यांना ते वाक्य आठवत होतं, सात शब्दांचं, फेब्रुवारीपासून रोज घडी उलगडून पाहिलेलं. मला आजारी माणूस ओळखता येईनासा झाला आहे. एवढं म्हटलं की पुढचं सगळं आपोआप. बाई विचारणार कसं काय, मग धाकू, मग कोळीवाडा, मग पंच्याऐंशी साल, मग शंभर पोरं. ते सगळं सोसता आलं असतं. त्यांनी तोंड उघडलं. आणि त्यांना दिसलं की हे वाक्य खुर्चीतल्या माणसाचं आहे. निळ्या पट्ट्यांत, पाठीवर पडून, वर वाकलेल्या चेहऱ्याकडं बघत ते म्हणता येत नाही. इथून फक्त कुठं दुखतं एवढंच सांगता येतं. मग कुठं दुखतं, हे ते प्रामाणिकपणे शोधू लागले. आत कुठंतरी काहीतरी नक्की होतं, पोटाशी पाय घेऊन पडलेलं. त्यांनी त्याला हाक मारली. बाई थांबल्या होत्या, थांबणं त्यांना येत होतं. आणि वाघुळद्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला.

"उजवीकडं," ते म्हणाले. "बरगडीखाली. जेवल्यावर वाढतं."

कोरडा, मोठा हात बरगडीखाली आला. श्वास घ्या, बाई म्हणाल्या. त्यांनी घेतला. अर्ध्यावर श्वास अडकला. आपण अडकवला की तो अडकला, हे बघायला ते मनातल्या मनात मागं वळले, पण तिथं कुणी नव्हतं.

"हं," ते म्हणाले.

शेजारच्या खाटेवर धाकूनं एक डोळा उघडला आणि मान डोलावली.

"किती दिवस अंगावर काढलंत, सर?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात खरंच वाईट वाटलेलं होतं.

"बरीच वर्षं झाली," वाघुळदे म्हणाले. त्या दिवसात तेवढं एक उत्तर त्यांनी न शिकवता दिलं.

बाईंनी लेखी शेरा मारला: माजी अधिष्ठात्यांची सोनोग्राफी होऊन निदान नक्की होईपर्यंत त्यांना सोडू नये. बाकी कॉलेज त्यांना ठीक वाटलं. पेशंटचं सांगणं किती नेमकं आहे, याचा त्यांनी वेगळा उल्लेख केला. शेरा ऐकून तळवडेकरांनी मान हलवली आणि रघूनं डोकं खाजवलं, कारण सोनोग्राफीचं मशीन भिवंडीच्या एका डॉक्टरकडून सकाळीच घाईनं तपासणीपुरतं आणलेलं होतं आणि ते दुपारीच परत जायचं होतं. ते येणार पुढच्या तपासणीला. मग आत्ताच करून घ्या ना, वाघुळदे म्हणाले. रघु म्हणाला, सर, मशीन आलंय, ते चालवणारा नाही आला. आणि तसंच घरी सोडायचं तर शेऱ्याचं उल्लंघन. आणि बरे झालात म्हणून सोडायचं तर बाई विचारणार, मग राजीनामा कशाला? यातही खोट काढता येईना. एका दिवसात रघु दुसऱ्यांदा बरोबर होता, आणि हे जास्त भयंकर होतं.

दुपारनंतर वॉर्ड रिकामा होऊ लागला. मटणाचे डबे आले, हात धुऊन झाले. पाणी चढायला लागल्यावर धाकू खिडकीत पाय टाकून बसला. कपडे कोठीतून आणायचा त्याला कंटाळा होता, आणि एव्हाना निळे पट्टेच त्याचे कपडे झाले होते.

"सायेब, एक नंबर केलाव," तो म्हणाला. "मना धा वरसांत जमला नाय, ता तुमाना एका दमात."

"धाकू, मी मुद्दाम केलं नाही रे."

"तसाच तं दिसला पायजे," धाकू म्हणाला. "तुमीच शिकवलाव."

वाघुळद्यांना त्याला काही विचारायचं होतं. घरी गेल्यावर, बायकोपाशी, तुला कधी खरंच दुखतं का रे? पण धाकूच बोलत होता. त्याची मनुबाई दहा वर्षं त्याला तळलेलं काही खाऊ देत नव्हती. कितीदा सांगितलं, बाये, ता खोटा हाय. ती म्हणते, येवढे मोठे डाक्टर दर वरसाला सांगतात ते काय येडे हायेत? आता त्यानं सांगायचं सोडून दिलं होतं. "आता तं कवा कवा जेवल्यावं पोट जर जर वाटता पन," तो म्हणाला, हसला, आणि उडी मारून गेला.

सरोजबाई डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांच्याबरोबर मोसंबी होती. शेजारणींनी दिलेली, सोसायटीतले सगळे विचारून गेले होते, किराणावाला तर दोनदा. त्या स्टुलावर बसल्या, घारपुरेबाईंच्याच, आणि मोसंबं सोलू लागल्या. वाघुळदे उठून बसले. आता खरी वेळ होती. कमिटीशी, शेठशी, कुणाशी बोलता आलं नाही ते असू दे. हिला सांगितलं की झालं. जगात एका माणसाला खरं ठाऊक असलं तर माणूस कुठल्याही खाटेवरून उठू शकतो.

"अगं, मला काही झालेलं नाही," ते म्हणाले.

"हो," सरोजबाई म्हणाल्या.

"खरंच सांगतो. सगळं नाटक आहे. तपासणीसाठी होतं."

"हो ना. तुम्ही पडा बघू आधी." त्यांनी शिरा काढल्या, बिया काढल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "बरं झालं अ‍ॅडमिट झालात. किती वर्षं बघतेय मी. रात्री झोपेत बरगडीवर हात ठेवता आणि 'श्वास घ्या, श्वास घ्या' म्हणत राहता. मी जागी होते, पाठीवर हात फिरवते, परत झोपता. सकाळी विचारलं तर म्हणता काही नाही."

"ते मी शिकवत असतो गं."

"असेल," त्या म्हणाल्या. "स्वतःहून सांगाल म्हणून वाट बघत होते. मला नाही सांगितलंत, राजीनाम्यात तरी लिहिलंत. तेवढं तरी खरं लिहिलंत." आणि त्यांचा आवाज असा झाला की वाघुळद्यांच्या पुढच्या वाक्याला जागा उरली नाही. सोललेली फोड तोंडापाशी आली होती. त्यांनी तोंड उघडलं.

जाताना सरोजबाईंनी कोठीतून त्यांचे कपडे मागून घेतले. नातेवाईक मागायला आले तर द्यायचे, असा नियमच होता. अ‍ॅम्ब्युलन्सचं वंगण लागलंय, धुऊन आणते, म्हणाल्या. चपलाही पिशवीत घातल्या. नाहीतर उठून फिरत बसाल.

वाघुळदे खिडकीशी आले. फरशी गार होती. समोर कोळीवाड्याच्या पलीकडं खाडी पुरती भरली होती, आणि उन्हं उतरता उतरता होड्या बाहेर पडत होत्या. निळ्या पट्ट्यांची माणसं वल्ही मारत होती; कोपऱ्यातला दमा, दोन्ही न्यूमोनिया, पलीकडच्या खाटेवरचं मोडकं हाड. धाकू मागच्या होडीत उभा होता. त्यानं खिडकीकडं पाहिलं आणि हात वर केला. वाघुळद्यांनीही केला. होडी वळून दिसेनाशी होईस्तोवर ते डावा हात हलवत राहिले, आणि मग त्यांनी उजवा कुठं आहे ते पाहिलं. तो बरगडीखाली होता. तिथं कधी गेला ते त्यांना आठवेना. त्यांनी श्वास घेतला, बोटं हळूच आत दाबली, आणि दुखायची वाट बघत उभे राहिले.